आरओचं पाणी आणि 'शिळं' पाणी

प्रश्न : ताई, आम्ही लातूरला राहतो, घरात पाच माणसं, नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आरओचं वाया जाणारं पाणी कशाला वापरू? आणि नळ आला की सासूबाई पिंपातलं जुनं पाणी शिळं म्हणून ओतून देतात, बघून जीव तुटतो हो.
– एक वाचक, लातूर

उत्तर : तुटणारच गं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं तुमच्या गावाला, ते आईंनाही आठवत असेल. त्यांना सांग, पाणी शिळं होत नाही, फक्त झाकून ठेवायला हवं. पण पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करायचंच, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. मग काय करायचं, तर ते पाणी फडक्याने गाळून धुण्याला, संडासला वापरायचं आणि पिंप आतून काथ्याने खसखसून घासायचं, अंडी कडेला चिकटलेली असतात ना, नुसतं विसळून जात नाहीत.

आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, संडासला बिनधास्त वापर. कुंड्यांना रोज नको, त्यात क्षार जास्त असतात, माती खराब होते. प्यायला तर अजिबात नाही. आणि हो, फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली ठेव, दरवेळी तेवढं पाणी वाचतं, पाच माणसांच्या घरात दिवसाला किती होईल बघ.