चौघांचं काम चौघांनीच करावं म्हणून

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. नववीच्या वर्गात प्रकल्प दिला की प्रत्येक गटातली एक मुलगी रात्री जागून सगळं लिहून काढते आणि बाकीचे पहिल्या पानावर नावं घालतात, असं तू लिहिलंस. पोरं आळशी आहेत असं ठरवण्याआधी त्यांना दिलेलं काम एकदा बघ. ‘कृष्णेच्या पुराची माहिती गोळा करा’ हे काम एकटं मूल एका रात्रीत उरकू शकतं. मग ते एकट्यानेच उरकलं जाणार.

माक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. आठ जण मिळून ओढायला लागले की एकेकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या जवळपास निम्म्यावर येत होता. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही हे एक कारण. आपण किती ओढलं ते कुणाला दिसत नाही, हे पुढच्या अभ्यासांतून कळलेलं दुसरं. वर्गातही हीच दोन कारणं असतात. म्हणून गट चौघांचाच कर. सहा झाले की दोघं खिडकीबाहेर बघत बसतात.

आता काम कसं बांधायचं ते सांगलीतल्याच विषयावर सांगते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांच्या पुराच्या खुणा गावठाणातल्या भिंतींवर अजून सापडतील. दिवाळीनंतर प्रकल्प असा दे: प्रत्येक गटाने आपापल्या भागातल्या वीस घरांवर पाणी कुठवर चढलं होतं ते मोजायचं आणि नकाशावर मांडायचं. एकाने टेपचं खालचं टोक धरायचं, दुसऱ्याने स्टुलावर चढून वर आकडा वाचायचा, तिसऱ्याने तो वहीत टिपायचा आणि चौथ्याने घरातल्या आजींना विचारायचं, ‘ही खूण कुठल्या वर्षीची?’ एका भिंतीवर दोन रेघा असतात आणि घरातली माणसंही वर्षांची गल्लत करतात, म्हणून विचारणारा हवाच. या कामात कुणाला मागे उभं राहायला जागाच नाही. पाच मीटरचा स्टीलचा टेप घ्यायला सांग. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, शिवाय ती दीड मीटरचीच असते.

इथे एक घोळ हमखास होतो. एक जण ओट्यापासून मोजतो, दुसरा रस्त्यापासून. वीस आकडे जमतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत, आणि भांडण लागतं ते ‘तुझं चुकलं’ यावर. म्हणून पहिल्या तासाला कुणालाही बाहेर पाठवू नकोस. कुठून मोजायचं, सेंटिमीटरमध्ये की फुटात, पुसट खूण धरायची की सोडायची, हे चौघांनी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून सही करायची. दुसरा घोळ सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलावरच्या पातळीचा. तिथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पोरं हा आकडा गल्लीतल्या पाण्याची खोली समजून तक्त्यात घालतात. पुलावरची पातळी वेगळी आणि दारातलं पाणी वेगळं, हे फळ्यावर नदीचं पात्र आणि काठ काढून दाखव.

दर पाच घरांनंतर कामं बदलायला लाव, याबाबत हट्टी राहा. नाहीतर ‘हिचं अक्षर चांगलंय’ म्हणून मुलगी वीसही घरं लिहीतच राहते आणि टेप मुलग्यांच्या हातून सुटत नाही.

गट पाडताना हजेरीच्या क्रमाने पाडू नकोस, आणि सगळं मैत्रीवरही सोडू नकोस. प्रत्येकाकडून चिठ्ठीवर एकच नाव घे आणि जमेल तितक्यांचं ऐक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूल घरी कसं जातं ते बघ. तिघं शहरातल्या विश्रामबागचे आणि चौथा समडोळी गावाहून एसटीने येणारा असला, तर शाळा सुटल्यावर त्याला थांबता येत नाही आणि दोन आठवड्यांत त्याच्यावर कामचुकारपणाचा शिक्का बसतो. एका वाटेची मुलं एकत्र घाल. व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढायला सांगू नकोस. फोन वडिलांचा असतो आणि ते रात्री उशिरा घरी येतात. शंभर पानी एक वही प्रत्येक गटाला दे आणि ती वर्गाच्या कपाटातच राहू दे. तीत तीन रकाने: काय, कोण, कधीपर्यंत. ‘माहिती गोळा करणे’ असं कुणी लिहिलं तर खोडायला लाव. ‘पाच घरांची उंची, शनिवारपर्यंत’ असं लिहिलं तरच ते झालं की नाही हे कळतं.

साठ मुलांचे पंधरा गट होतात. पस्तीस मिनिटांच्या तासात सगळ्यांकडे फिरलीस तर एकेका गटाला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. एका तासाला सात-आठ गट घे, उरलेले पुढच्या तासाला. तीन आठवड्यांचा प्रकल्प असेल तर दहाव्या दिवशी वह्या बघ. शेवटच्या दिवशी कळलं तर काहीच करता येत नाही.

एखादं मूल काम करत नसेल तर आधी कारण शोध. हळद काढायचे दिवस असतील आणि ते शेतात जात असेल. त्याला वाचायला अडचण असेल. किंवा त्याने लिहिलेलं पान हुशार मुलीने फाडून नव्याने लिहिलं असेल. असं एकदा झालं की ते मूल पुन्हा पेन उचलत नाही. तिला सांग, दुसऱ्याचं पान फाडायचं नाही, शंका असली तर पेन्सिलीने बाजूला प्रश्न लिहायचा. आणि तक्रार कशी करायची तेही शिकव. ‘तू काहीच करत नाहीस’ म्हटलं की भांडण होतं. ‘तुझी पाच घरं वहीत नाहीत, त्यामुळे माझा नकाशा अडलाय’ म्हटलं की काम पुढे सरकतं.

वीस गुण असतील तर दहा गटाला आणि दहा एकेकाला दे. एकेकाच्या दहापैकी सहा तोंडीला ठेव. चिठ्ठी काढून नाव घे आणि त्याला दुसऱ्याने केलेल्या भागावर विचार: नकाशा ज्याने काढला नाही त्यालाच नकाशावरचा सर्वांत खोल भाग दाखवायला लाव. असं होणार हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंस की पोरं आपणहून एकमेकांना समजावत बसतात. मित्राला गुण द्यायला मात्र लावू नकोस. सगळे दहापैकी दहा देतात, किंवा राग काढतात. ‘कुणामुळे तुझं काम सोपं झालं आणि कसं?’ एवढंच दोन ओळींत गुपचूप लिहून घे.

मोजायला लोकांच्या घरी जाताना दोघांहून कमी कुणी जायचं नाही, अंधार पडायच्या आत परतायचं, घाटावर उतरायचं नाही, आणि पालकांची सही आधी घ्यायची. शिवाय ज्या घरात पुरात खूप काही गेलं, तिथे माणसं बोलायला तयार नसतात. ‘विचारलं तर चालेल का?’ हा पहिला प्रश्न असू दे. नको म्हणाले तर नमस्कार करून पुढच्या दाराशी जायचं आणि वहीत त्या घरापुढे फक्त एक रेघ मारायची.

तुझी,
बाई