मोटर गेली नाही, कपलर गेलाय

प्रश्न: आमचा मिक्सर 2009 चा, लग्नात आईने दिलेला. परवा दाण्याचं कूट करताना एकदम घरघर वाढली. आता मोटर जोरात फिरते, पण पातं जागचं हलत नाही. ओट्यावर काळा चुरा पडतो, रबर जळल्यासारखा वास येतो. दुकानदार म्हणाला, "मोटर गेली, एक्सचेंजमध्ये देऊन टाका." देऊ का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: ताई, थांबा. मोटर गेली असती तर फिरली कशी असती? तो काळा चुरा कपलरचा आहे. भांडं बसवतो तिथली दातेरी चकती म्हणजे कपलर. भांडं अडलं की आधी तिचे दात झिजतात, म्हणून तर मोटर वाचते.

प्लग काढा. बहुतेक मिक्सरना या चकतीचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की सुटते. मोटरचा दांडा खालून पेचकसाने धरून ठेवावा लागतो. जुना तुकडा हातात घेऊनच दुकानात जा, मॉडेलच्या नावावर विश्वास नको. गावात नाही मिळाला तर पुण्याच्या तपकीर गल्लीत नक्की मिळेल.

पण त्याआधी भांड्याचं पातं चमच्याच्या दांड्याने फिरवून बघा. आता खरी गोम इथेच असते. पातं जड फिरत असेल तर आतला बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, जाम झालाय, आणि तो तसाच ठेवलात तर नवा कपलरही आठवड्यात दात गाळेल. माझ्या साताऱ्याच्या दुकानात एक काकू वर्षात तिसऱ्यांदा कपलर घेऊन आल्या, तेव्हा मी म्हटलं, आता भांडंच आणा. बुशाभोवती खोबऱ्याचा थर दगडासारखा बसलेला! भांड्याखालून काळं तेलकट पाणी गळत असेल तरी बुशच बदलायचा.

आणि बुडाशी लेबल आहे का बघा. बऱ्याच मिक्सरवर "5 मिनिटं चालू, 2 मिनिटं बंद" असं छापलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. ओल्या खोबऱ्याचं वाटण मात्र पाट्यावरचंच चवीचं, हे मिक्सरवर पोट भरणारा माणूस सांगतोय.

प्रश्न: पंखा पाचवर ठेवला तरी मरगळल्यासारखा फिरतो. नवा घ्यावा का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: पंखा बंद असताना हाताने ढकलून बघा. सहज फिरला तर कपॅसिटर, म्हणजे पंख्याच्या मोटरला जोर देणारी छोटी डबी, दमलाय. अडखळला, खरखरला तर बेअरिंग. कपॅसिटरवर आकडा छापलेला असतो, बहुधा 2.5 मायक्रोफॅरड. तेवढ्याचाच आणा. "जरा मोठा टाकू, जोरात फिरेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापतं. मेन स्विच पाडल्याशिवाय शिडीवर चढायचं नाही.