नळीवर वेळ लिहून ठेव

अनेक आशीर्वाद.

फेलोशिप मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा दोन आजारांपैकी विषय ल्युपस घ्यावा की आमवात, आणि थेट कार-टी पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत बदल केलेल्या रोगप्रतिकारक पेशींवर, काम सुरू करता येईल का, असं तू विचारलंयस. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या कामानं तू भारावलीस यात नवल नाही, मीही भारावले होते. गेओर्ग शेट आणि आंद्रेआस माकेन्सेन यांच्या गटानं २०२१ मध्ये एका तरुण मुलीच्या टी पेशी काढल्या, अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी पेशी ओळखून मारता येतील असा बदल त्यांच्यात केला आणि त्या तिच्या अंगात परत सोडल्या. औषधांना दाद न देणारा तिचा ल्युपस शांत झाला. २०२४ च्या त्यांच्या अहवालात ल्युपसचे आठ रुग्ण होते. आठही जणांचा आजार आटोक्यात आला आणि गोळ्या बंद झाल्या. मला त्याहून मोठं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. काही महिन्यांनी बी पेशी परत आल्या, पण स्वतःवरचा हल्ला विसरून, कोरी पाटी घेऊन आल्या. या एका प्रश्नावर आयुष्य घालवावं, असा तो आहे.

तरीही तू माझ्याकडे येणार असशील तर पहिले तीन महिने तुला ओपीडीत बसायचं आहे. का, ते सांगते.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी ल्युपसच्या चाळीसेक बायकांचं रक्त गोळा केलं होतं. जांभळ्या झाकणाच्या नळ्या, त्यावर नाव, तारीख, केसपेपरचा नंबर, सगळं व्यवस्थित. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मोजल्या तेव्हा दोन सरळ गट पडले. शहरातल्या बायकांच्या कमी, लांबून येणाऱ्या गावाकडच्या बायकांच्या जास्त. मी हरखून गेले. ब्रायन ग्रीनवुड यांनी १९६८ मध्ये नायजेरियात दाखवलं होतं की परजीवींचा उपद्रव असलेल्या भागात असे स्वतःवर उलटणारे आजार फार कमी दिसतात. मी तोच धागा पकडला. गावाकडचं पाणी, जंत, माती, लहानपण... आठ महिने मी त्यावर घालवले.

मग एका सकाळी एक बाई दंडावरचा कापूस दाबत म्हणाली, ‘झालं ना रक्त? मग आता चहा-बिस्किट खाते. गोळी राहिलीय. पहाटे चारच्या एसटीनं निघालो, उपाशीपोटी घेऊ नका म्हणालेत डॉक्टर.’

मी तिथेच थांबले. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी पोटात गेली की चार ते सहा तासांत लिम्फोसाइट रक्तातून निघून अस्थिमज्जेत आणि इतर ऊतींत जातात, दुसऱ्या दिवसापर्यंत परत येतात. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. शहरातल्या बायका सकाळी नाश्ता करून, गोळी घेऊन येत होत्या. गावाकडच्या बायका गोळी पदरात बांधून आणत होत्या. माझे दोन गट त्या गोळीनं पाडलेले होते. चाळीस नळ्यांपैकी एकीवरही गोळीची वेळ नव्हती, त्यामुळे काहीच वाचवता आलं नाही. त्या बायकांनी दिलेलं रक्त वाया गेलं, याची खंत मला आजही आहे.

म्हणून सांगते, नळीवर वेळ लिही. रक्त कधी काढलं ते आणि शेवटची गोळी कधी घेतली तेही. पाळी, ताप, गेल्या महिन्यातलं चिकुनगुनिया, वैद्याची पुडी, सगळं विचार. सांधे सुजवणारं चिकुनगुनिया कित्येकदा हुबेहूब आमवातासारखं दिसतं.

नीट जपलेल्या नळीतून काय निघतं तेही ऐक. अमेरिकेच्या लष्करात सैनिकांचं सीरम वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेलं असतं. पुढे ज्यांना ल्युपस झाला अशा १३० जणांच्या जुन्या नळ्या संशोधकांनी बाहेर काढल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. ८८ टक्के लोकांच्या रक्तात निदानाच्या आधीच स्वतःच्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी होत्या, काहींच्या तर नऊ वर्षांहून अधिक आधी. शिवाय त्या एका क्रमानं आल्या होत्या. एएनए, रो अशा नावांच्या अँटिबॉडी आधी, डीएनएविरुद्धच्या नंतर, स्मिथ अँटिबॉडी अगदी आजाराच्या तोंडावर. अंगावर एक चट्टा नसताना आत इतकी वर्षं तयारी चाललेली असते. हे कळलं ते त्या नळ्यांवर तारखा होत्या म्हणून. मात्र एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस असं कधी धरू नकोस. रक्त ऐंशीपट पातळ करून, म्हणजे १:८० ला, तपासलं तर शंभरातल्या तेराएक धडधाकट माणसांचीही ती चाचणी पॉझिटिव्ह येते. रिपोर्ट हातात घेऊन रडत आलेल्या मुली तुला ओपीडीत भेटतील, त्यांना हे आधी सांग.

आता अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंचची गोष्ट. तू ती नोबेलच्या बाजूनं वाचली असशील. १९२९ च्या एप्रिलमध्ये मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या एका ६५ वर्षांच्या रुग्णानं, जो स्वतः डॉक्टर होता, हेंचला सांगितलं की कावीळ झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून सांधे दुखायचे थांबले. हेंचनं ते टिपून ठेवलं. मग असे आणखी रुग्ण शोधले. गरोदरपणातही बायकांचे सांधे मोकळे होतात हे त्याच्या लक्षात आलं. शरीरात सांधे शांत करणारं काहीतरी आहे, एवढंच धरून तो जवळपास वीस वर्षं चालला. पित्ताचे क्षार देऊन पाहिले, कावीळ झालेल्यांचं रक्तही देऊन पाहिलं. ते सगळं फसलं. २१ सप्टेंबर १९४८ ला रसायनशास्त्रज्ञ केंडॉलनं वेगळं काढलेलं संयुग ई एका २९ वर्षांच्या बाईला टोचलं. अंथरुणाला खिळलेली ती बाई आठवड्याभरात बाजारात खरेदीला गेली. तेच कॉर्टिसोन, प्रेडनिसोलोनच्याच कुळातलं. १९५० मध्ये नोबेल मिळालं आणि तोवर सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडं, बिघडलेली मनं हेही समोर आलं होतं. मला यातला टाचणाचा भाग मोलाचा वाटतो. हेंचचा पहिला तर्क चुकीचा होता, पण रुग्णाचं म्हणणं बरोबर होतं आणि ते त्यानं सोडलं नाही.

मोजायचं काय, हाही प्रश्न रुग्णाजवळच सुटतो. इंटरफेरॉन या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचा मार्ग अडवणाऱ्या अनिफ्रोलुमॅब या ल्युपसच्या औषधाची पहिली मोठी चाचणी ठरवलेल्या मोजपट्टीवर नापास झाली. दुसऱ्या चाचणीत वेगळी मोजपट्टी मुख्य धरली, ती यशस्वी झाली आणि २०२१ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. औषध तेच, आजार तोच. यावर तू चार दिवस विचार कर. ल्युपस एकीच्या मूत्रपिंडात, एकीच्या त्वचेत, एकीच्या मेंदूत; त्या तिघींना एकच आकडा कसा द्यायचा? आमवातातही हेच. अमेरिकेत बनलेली कामकाजाची प्रश्नावली आपल्याकडे आणताना साडी-सलवार-धोतर नेसता येतं का, मांडी घालून बसता येतं का, असे प्रश्न त्यात घालावे लागले. मी स्वतः बाईच्या हाताकडे बघते. बांगड्या शेवटच्या कधी बदलल्या, ओली चादर पिळता येते का, सकाळी उठल्यावर चहाचं भांडं पकडीत धरायला किती वेळ जावा लागतो. सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल तर ती उत्तर देण्याआधीच ओशाळते, कारण घरात तिला आळशी म्हणत असतात.

भिगवणचं काम नक्की वाच. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी उजनीच्या काठच्या त्या गावात घरोघर गेले. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना सांध्यांची, हाडा-स्नायूंची दुखणी निघाली, म्हणजे १८ टक्के. खरा आमवात साधारण अर्धा टक्का. हा अर्धा टक्का बाकीच्या दुखण्यांतून वेगळा ओळखणं हेच अर्धं शास्त्र आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ल्युपस घे. आमवात सांध्याच्या अस्तरात घडतो, रक्तात त्याची सावली तेवढी दिसते. फेल्डमन आणि मैनी यांना लंडनमध्ये आमवातातला टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचा हात सापडला तो सांध्यातून काढलेल्या पेशी वाढवून. तसं अस्तर नियमित मिळेल अशी सोय आपल्याकडे आज नाही आणि नुसत्या रक्तावर तुझी पाच वर्षं मी जाऊ देणार नाही. ल्युपसमध्ये रक्त बरंच काही बोलतं. विषयाचं शीर्षक एवढ्यात ठरवू नकोस. मला सध्या सतावणारी गोष्ट साधी आहे: लग्न ठरलं की मुली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे ल्युपसची नेहमीची गोळी, बंद करतात. सासरी गोळ्या दिसायला नकोत, किंवा गरोदरपणात चालणार नाहीत असं कोणीतरी सांगितलेलं असतं. खरं तर ती गोळी गरोदरपणात चालू ठेवायची असते. बंद केल्यावर काहींचा आजार उसळतो, काहींचा नाही. ज्यांचा उसळतो त्यांच्या रक्तात आधी काय बदलतं? आमच्याकडे अशा मुलींच्या नळ्या आहेत, आणि यावेळी वेळा लिहिलेल्या आहेत. कोणालाही गोळी बंद करायला सांगून हा अभ्यास करायचा नाही, हे तुला सांगायला नको. ज्या बंद करून येतात त्यांना आधी परत सुरू करायला लावायची, मग रक्त.

सोमवारी साडेआठला ओपीडीच्या नोंदणीच्या खिडकीपाशी ये. संमतीपत्रं मराठीत आहेत, तरी वाचून दाखवावी लागतात, त्याला वेळ धर. बरोबर वही आण आणि थोडी बिस्किटं आण. लांबून आलेल्यांचं रक्त काढून झालं की त्यांना लगेच काहीतरी खाऊ दे, गोळी घेऊ दे.