चोरीला गेलेलं जुनं नाणं ऑनलाइन विक्रीला दिसलं, तर आधी काय करावं?

विक्रेत्याला मेसेज करू नका. मालकाची चाहूल लागली की जाहिरात उतरते आणि नाणं पुन्हा गायब होतं. आधी पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घ्या: लिंक, जाहिरात क्रमांक, विक्रेत्याचं यूजरनेम, तारीख-वेळ दिसायला हवी. फोटो मूळ आकारात वेगळे उतरवून ठेवा.

खरी लढाई ओळख पटवण्याची असते. ‘असंच नाणं माझ्याकडे होतं’ एवढ्याने काही होत नाही. ग्रेडिंगच्या (नाणं अस्सल आहे का ते तपासून त्याचा दर्जा ठरवण्याच्या) सीलबंद डबीवरचा क्रमांक जुळला तर उत्तम, पण चोर डबी फोडू शकतात. मग कडेवरचा ठोका, ओरखड्याची दिशा, डागाचा आकार हे जुन्या फोटोशी शेजारी ठेवून दाखवा. तीन-चार खुणा जुळल्या तर योगायोग म्हणणं कठीण जातं.

हे सगळं, खरेदीची पावती आणि चोरीच्या तक्रारीचा क्रमांक घेऊन तपास अधिकाऱ्याकडे जा. विक्रेत्याची माहिती जपून ठेवण्याची सूचना वेबसाइटला पोलिसांकडूनच जाऊ द्या. त्याआधी जाहिरात काढायला लावलीत तर माग तुटू शकतो.

विम्याचे पैसे मिळाले असतील तर कंपनीलाही कळवा, मालकी आता तिची असू शकते. आणि स्वतः विकत घेऊन प्रकरण मिटवायचा मोह कृपया टाळा.