शी जिनपिंग यांच्या व्हिएतनाम दौऱ्यातून नेमकं काय साधलं?

एप्रिल 2025 मध्ये शी जिनपिंग हनोईला गेले, तेव्हा 45 करार झाल्याची बातमी आली. त्यातलं खरं वजनदार काय, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते रेल्वे.

व्हिएतनामचे बहुतेक रूळ अजून फ्रेंचांच्या काळातले, मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचे आहेत. चीनची नवी गाडी सीमेपर्यंत येते ती त्याहून रुंद, 1435 मिमीच्या रुळांवरून. म्हणजे लाओ कायच्या सीमेवर माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा. आपल्याकडे मनमाडला गेजबदलाची हमाली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातला खोळंबा वेगळा सांगायला नको. लाओ काय–हनोई–हायफाँग हा 1435 मिमीचाच नवा मार्ग थेट हायफाँग बंदराला भिडला की हा खोळंबा संपेल.

दौऱ्याची वेळही बघा. जेमतेम दोन आठवडे आधी ट्रम्प यांनी व्हिएतनामवर 46 टक्के आयातशुल्क जाहीर केलं होतं, मग 90 दिवसांसाठी थांबवलं. हनोईला दोन्ही दारं उघडी ठेवायची आहेत: कच्चा माल, सुटे भाग चीनकडून येतात आणि तयार माल सर्वाधिक अमेरिकेला जातो.

दोन्हीकडे कम्युनिस्ट पक्षाचं राज्य आहे म्हणून सगळं गोडीगुलाबीचं, असं मात्र समजू नका. 1979 मध्ये चीनने व्हिएतनामवर हल्ला केला, तेव्हा परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनमध्येच होते. दौरा अर्धवट टाकून ते परतले. दक्षिण चीन समुद्रातल्या बेटांचा वाद तर आजही तसाच आहे.