‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये तर्क आहे की सगळा वेडेपणाच?

तर्क आहे, आणि भरपूर आहे; तिथली पात्रं नियम काटेकोर पाळतात, फक्त सुरुवातच चुकीच्या गृहीतकापासून करतात. लेखक लुईस कॅरल म्हणजे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन. पुस्तक 1865चं, आणि 1896मध्ये त्यांनी तर्कशास्त्रावरही पुस्तक काढलं.

कबुतरिणीचा युक्तिवाद बघा: साप अंडी खातात, मुलीही अंडी खातात, म्हणजे मुली सापाचाच प्रकार. एक गुण जुळला की जात एकच, ही पाठ्यपुस्तकातली चूक. चेशायर मांजर जरा जास्त हुशार. त्याचं म्हणणं: कुत्रा रागावला की गुरगुरतो, खूश झाला की शेपूट हलवतो; माझं उलट आहे, आणि कुत्रा शहाणा, म्हणून मी वेडा. इथे ‘शहाण्याच्या उलट वागणारा वेडाच’ हे विधान गुपचूप गाळलंय.

ॲलिसचे चुकलेले पाढेही (4×5=12, 4×6=13) आकड्यांचा पाया (किती झाले की पुढचं घर सुरू होतं; आपला नेहमीचा 10) बदलला तर बरोबर येतात: पहिल्याला 18चा (तिथे 12 म्हणजे 18+2, म्हणजेच 20), दुसऱ्याला 21चा, पुढे दर वेळी 3ने जास्त. 4×12=19 पर्यंत जमतं; 4×13ला पाया 42 होतो, तिथे 20 म्हणजे 84, म्हणून 20 येतच नाही. ‘अशाने मी वीसपर्यंत पोचणारच नाही’ असं ॲलिस म्हणते ते खरंच! अर्थात पायाचं हे स्पष्टीकरण वाचकांचं आहे, पुस्तकात ते नाही.

पण सगळीकडे तर्क शोधत बसू नका. डोमकावळा आणि लिहायचं मेज यांच्यात साम्य काय, या हॅटर (टोपीवाला) नावाच्या पात्राच्या कोड्याला मुळात उत्तरच नव्हतं, हे कॅरलनीच 1896च्या प्रस्तावनेत सांगून टाकलंय.