लहानपणी खेळलेले व्हिडिओ गेम आजही खरंच चांगले वाटतात, की तो नुसता आठवणींचा खेळ असतो?

"आठवणींचा खेळ" हे आमच्या दादाचं लाडकं वाक्य आहे, म्हणून आधी तेच निकालात काढतो. चांगला गेम चाळीस वर्षांनीही चांगलाच असतो. आज तो टुकार वाटला तर आधी टीव्हीवर शंका घ्या.

एका दिवाळीत दादाने माळ्यावरून आमचा व्हिडिओ गेम काढला. नव्वदच्या दशकात सगळीकडे मिळायचा तोच, निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉम या गेम मशीनची नक्कल, पिवळी कॅसेट आणि सोबत बंदूक. हॉलमधल्या मोठ्या एलईडी टीव्हीला जोडून त्याने डक हंट लावला. बंदूक स्क्रीनला टेकवून चाप ओढला तरी बदक पडेना. मग मारिओ लावला, तर तो खड्ड्यात गेला, परत गेला. दादाने रिमोट ठेवला आणि पोरांसमोर जाहीर केलं, "हे असलं भंगार आम्ही सुट्टीभर खेळायचो." पोरं उठून मोबाइलकडे गेली. मला ते फार लागलं.

दोष गेमचा नव्हताच. डक हंटमध्ये चाप ओढला की क्षणभर अख्खा स्क्रीन काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतून काही सुटत नाही, नळीतला सेन्सर उलट टीव्हीकडे बघत असतो. आधी अंधार आणि मग उजेड दिसला तरच नेम बरोबर (म्हणूनच बल्बवर बंदूक रोखून काही साधत नाही). पिक्चर ट्यूबवर चित्र आलं की तिथल्या तिथे उमटतं. आताचा टीव्ही त्यावर आधी प्रक्रिया करतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरात बंदुकीची बघायची वेळ टळून जाते. मारिओचंही तेच, बटण दाबल्यावर उडी उशिरा दिसते आणि काठावर हात चुकतो.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकूंकडे पडून असलेला ट्यूबचा टीव्ही उचलून आणला आणि मारिओ लावून पुतणीला समोर बसवलं. सांगितलं काहीच नाही. पहिला शत्रू चालत आला, ती त्याला धडकून मेली. पुढच्या वेळी तिने उडी मारली. प्रश्नचिन्हाच्या डब्यातून मश्रूम निघाला, पाइपला आपटून उलटा तिच्याकडेच आला. ती पळायला गेली, उडी मारली तर डोकं वरच्या विटांना लागलं, आणि मश्रूमने तिला गाठलंच. मारिओ मोठा झाला तशी ती ओरडली. मारिओचा जनक शिगेरू मियामोटो, त्याने ती सुरुवात मुद्दाम अशी रचली आहे, एक अक्षर न लिहिता खेळ शिकवणारी. १९८५ चा हा गेम सगळा मिळून ४० केबीचा, व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो याहून मोठा असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच चित्राची केलीत, फक्त रंग बदलून. ती पोरगी १९८५ च्या कुठल्या आठवणीवर खेळत होती, हे दादाने मला सांगावं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. सगळेच गेम टिकलेले नाहीत. सुरुवातीचे थ्रीडी गेम आज जड जातात. १९९६ च्या टूम रेडरमध्ये नायिका लाराला वळवायचं म्हणजे ट्रक मागे घेण्याची कसरत, आणि २०२४ च्या नव्या आवृत्तीत आधुनिक कंट्रोल्सचा पर्याय द्यावा लागला तो उगाच नाही. साधे टूडी गेम मात्र बिनधास्त खेळा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो चालू करा, उशीर बराच कमी होतो. जुन्या बंदुकीला मात्र त्याचाही उपयोग नाही, तिला ट्यूबच लागते.

आणि हो, काँट्रा हा गोळीबाराचा गेम आज नव्याने खेळणाऱ्याला छळतो, हे मान्य. तीन लाइफमध्ये काही होत नाही. सुरुवातीच्या स्क्रीनवर वर वर खाली खाली, डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे, बी, ए दाबून तीस घ्या, त्यात लाज कसली. पण खेळा दोघांनीच. धबधब्याच्या लेव्हलला एक जण भराभर वर चढला की स्क्रीन वर सरकतो आणि खालचा फुकट मरतो, तेव्हा वरच्याने थांबायचं असतं. दादा कधीच थांबला नाही, आणि माझ्या लाइफ संपल्या की "तुला खेळता येत नाही" म्हणायचा. खेळता येत होतं.